मेल घेण्याआधी पाठवणारा सर्व्हर पारखायचा कसा? काय नाकारायचं आणि काय फक्त गुणांत धरायचं?

बुटीबोरी_पोस्टमास्टर (प्रश्न)

मंडळी, राम राम.

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर माझ्याकडे आहे. डेबियन १२ (लिनक्स), पोस्टफिक्स ३.७ (मेल देणं-घेणं), डव्हकॉट (मेलबॉक्स), मागे आर-स्पॅमडी (मेल तपासून स्पॅमचे गुण देणारा). मेलबॉक्स साठेक. एमएक्स (डोमेनची मेल कुठे द्यायची ते सांगणारी डीएनएस नोंद) थेट याच मशीनवर, आयपी स्टॅटिक. मजकूर तपासून बरंच स्पॅम पकडलं जातं, पण "थकीत बिल", "सुधारित कोटेशन" अशा नावाच्या झिप फाइली अजूनही अकाउंटवाल्यांच्या इनबॉक्सात येऊन राहिल्या आहेत. म्हणून मजकूर हातात यायच्या आधी, पाठवणारा सर्व्हरच तपासायचा विचार आहे. डोक्यात आहे ते असं:

१. आयपीला रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नसेल तर मेल नाकारायची.
२. हेलोमध्ये (पाठवणारा सर्व्हर आधी स्वतःची ओळख सांगतो ती) सांगितलेलं नाव आयपीशी जुळलं नाही तर नाकारायची.
३. समोरच्या आयपीच्या पोर्ट २५ वर (सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचं दार) आपण उलट कनेक्ट करून तिथे खरंच मेल सर्व्हर आहे का ते पाहायचं.
४. प्रेषकाच्या डोमेनच्या सर्व्हरला विचारायचं की हा पत्ता अस्तित्वात आहे का.
५. सरसकट ग्रेलिस्टिंग (अनोळखी मेलला आधी "नंतर या" म्हणणं).

अडचण अशी की आमची निम्मी कामाची मेल वाडीचे ट्रान्सपोर्टवाले, इतवारीचे व्यापारी आणि हिंगण्याचे जॉबवर्कवाले यांच्याकडून येते. त्यांचं होस्टिंग स्वस्तातलं. त्यांची मेल अडकली की गाडी गेटवर उभी. शिवाय बँकेचे आणि ई-वे बिलाचे ओटीपी. यातलं काय लावू, काय नको?

---

पोर्ट_पंचवीस

३ आणि ४ आत्ताच यादीतून काढा भाऊ. का ते कुणीतरी खाली लिहीलच. बाकीच्यांत क्रम महत्त्वाचा आहे: ज्या तपासणीला सर्वांत कमी खर्च येतो आणि जिच्यात खरा सर्व्हर सहसा अडकत नाही, ती आधी.

ती तपासणी पोस्टफिक्समध्येच बसलेली आहे, पोस्टस्क्रीन. एसएमटीपीचा (सर्व्हर मेल देतात-घेतात त्या भाषेचा) नियम असा की कनेक्शन झाल्यावर आधी सर्व्हर बोलतो, "२२०" म्हणून स्वागत करतो, आणि मग क्लायंट हेलो म्हणतो. स्पॅम ओतणाऱ्या बॉटला तेवढा दम नसतो. पोस्टस्क्रीन काय करतं, तर "२२०" नंतर डॅश टाकून अर्धंच स्वागत पाठवतं आणि ६ सेकंद गप्प बसतं. डॅश म्हणजे ओळ संपलेली नाही, हे खऱ्या सर्व्हरला कळतं. बॉट मध्येच बोलून जातो, आणि लॉगमध्ये "प्रीग्रीट" म्हणून नोंद पडते. जो थांबला त्याची आठवण डिफॉल्टने १ दिवस राहते, म्हणजे नेहमीच्या पाठवणाऱ्याला हे ६ सेकंद दिवसातून एकदाच.

लावायचं असं (मूळ फाइलीत ही नावं इंग्रजी अक्षरांत आहेत, मी उच्चाराप्रमाणे लिहितोय). मास्टर.सीएफमध्ये सध्याची "एसएमटीपी आयनेट" ओळ बंद करा. तिच्या जागी पोस्टस्क्रीनची ओळ, प्रोसेसची कमाल संख्या १. मग "एसएमटीपीडी पास", "डीएनएसब्लॉग" आणि "टीएलएसप्रॉक्सी" या तीन ओळी. टीएलएसप्रॉक्सी विसरलात तर पोस्टस्क्रीन स्वतः ज्या कनेक्शनशी बोलतं तिथे स्टार्ट-टीएलएस (एनक्रिप्शन) मिळत नाही. ५८७ आणि ४६५ या पोर्टना हात लावू नका. तिथे आपलेच लोक मोबाइलवरून लॉगिन करतात, आणि मोबाइल नेटवर्कचे आयपी काळ्या यादीत असणं अगदी साहजिक आहे.

मूळ सेटिंगमध्ये पोस्टस्क्रीनच्या तिन्ही कृती (ग्रीट म्हणजे घाई करणारा, डीएनएसबीएल म्हणजे काळ्या याद्या, डिनायलिस्ट म्हणजे आपली स्वतःची बंदी-यादी) "इग्नोअर" असतात: तपासणी होते, लॉग पडतो, कुणाला अडवत नाही. आठवडाभर तसंच राहू द्या, मग "एन्फोर्स". "ड्रॉप" नको. ड्रॉपमध्ये कनेक्शन तिथेच तुटतं. एन्फोर्समध्ये पोस्टस्क्रीन हेलो, प्रेषक आणि प्राप्तकर्ता विचारून घेतं आणि मग ५५० (कायमचा नकार) देतं. उद्या मालकाने विचारलं "अमक्याची मेल काहून नाही आली", तर लॉगमध्ये दाखवायला नाव असतं.

दुसरा भाग काळ्या याद्यांचा, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या, डीएनएसवर विचारता येणाऱ्या याद्यांचा. एका यादीवर भरवसा न ठेवता वजन द्या. स्पॅमहाउस झेनला ३, स्पॅमकॉपला २, बाराकुडाला २ (तिथे आधी आपला आयपी नोंदवावा लागतो), डीएनएसडब्ल्यूएल या पांढऱ्या यादीला उणे ४, आणि थ्रेशोल्ड ३. म्हणजे झेन एकटी पुरे, बाकीच्या दोघी मिळून पुऱ्या. पण इथे एक खड्डा आहे. झेनचं उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ या पट्ट्यात असेल तरच धरा, आणि हा पट्टा सेटिंगमध्ये बरोबरीच्या चिन्हापुढे लिहा. सर्व्हर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा) वापरत असेल तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ "तुमची विचारणा सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून आली, उत्तर देणार नाही". पट्टा लिहिला नसेल तर पोस्टफिक्स त्याला "यादीत आहे" समजतं आणि जगातली प्रत्येक मेल नाकारतं. त्यामुळे त्याच मशीनवर अनबाउंड (आपला स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवा, फॉरवर्डिंग न करता. मग डिगने (डीएनएस विचारायची आज्ञा) २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग विचारा: उत्तर आलं पाहिजे. १.०.०.१२७ ने विचारा: काहीच नाही आलं पाहिजे. फुकट वापराच्या अटी आणि मर्यादा आहेत, त्याही वाचून घ्या.

जुन्या लेखांतून याद्यांची नावं उचलू नका. सॉर्ब्स २०२४ मध्ये बंद झाली, तरी अजून लोकांच्या सेटिंगमध्ये बसून आहे. बंद पडलेल्या यादीचं डोमेन भलत्याच्या हाती गेलं की ती प्रत्येक आयपीला "आहे" म्हणू शकते.

पोस्टस्क्रीनच्या खोल तपासण्या (पाइपलायनिंग, बेअर न्यूलाइन वगैरे) चालू करू नका. त्या पास झाल्या तरी पोस्टस्क्रीनला चालू सेशन पुढे देता येत नाही, ते ४५० (तात्पुरता नकार) देऊन "पुन्हा या" म्हणतं. ग्रेलिस्टिंगचे सगळे तोटे विनाकारण गळ्यात.

आणि हे सगळं करण्याआधी एक बघा: लॉगमध्ये बाहेरच्या लोकांचे खरे आयपी दिसतात ना? अनेक कारखान्यांत फायरवॉल सोर्स-नॅट करतो (पाठवणाऱ्याचा आयपी बदलून स्वतःचा लावतो) किंवा त्यात एसएमटीपी प्रॉक्सी चालू असतो, आणि मग सगळं जग १९२.१६८ मधल्या एकाच पत्त्यावरून येताना दिसतं. तसं असेल तर वरचं काहीही उपयोगाचं नाही. त्यातही तो पत्ता "मायनेटवर्क्स"मध्ये (विश्वासू पत्त्यांची यादी) असेल तर तुम्ही ओपन रिले, म्हणजे कुणाचीही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर, झालात.

---

ऑरेंजसिटी_रूट

वरच्याशी सहमत. मी १ आणि २ बद्दल लिहितो.

रिव्हर्स डीएनएसच्या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि लोक सर्रास चुकीची लावतात. "रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम" ही कडक: आयपीचं पीटीआर (रिव्हर्स नोंद) हवं, त्या नावाचं ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) हवं, आणि ते फिरून त्याच आयपीवर यायला हवं. "रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम" ही सौम्य: पीटीआर असलं की झालं. स्वस्त होस्टिंगमध्ये पीटीआर असतं, पण त्या नावाचं ए रेकॉर्ड कुणी तरी सर्व्हर बदलताना विसरलेलं असतं. कडक लावलीत की तुमचे वाडीवाले त्यात सापडतील. म्हणून सौम्य लावा आणि न जुळण्याचे गुण आर-स्पॅमडीला धरू द्या.

पीटीआरच नसलेल्याला नाकारण्यात मात्र संकोच नको. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी पीटीआर सक्तीचं केलं आहे. ज्याच्याकडे ते नाही, त्याची मेल तशीही फारशी कुठे पोचत नाही.

एक बारीक गोष्ट. या नकाराचा डिफॉल्ट कोड ४५० आहे, म्हणजे तात्पुरता. समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून चार-पाच दिवस प्रयत्न करत बसतो आणि पाठवणाऱ्या माणसाला वाटतं मेल गेली. निरीक्षण संपलं की "अननोन_क्लायंट_रिजेक्ट_कोड" ५५० करा, नकार लगेच कळेल. डीएनएसच तात्पुरतं बंद असेल तेव्हा पोस्टफिक्स ४५०च देतं, त्याची काळजी नको.

आता हेलो. हेलोचं नाव आयपीशी जुळत नाही एवढ्या कारणाने मेल नाकारू नये, असं आरएफसी ५३२१ (एसएमटीपीचं मानक) स्पष्ट सांगतं, आणि व्यवहारातही तेच बरोबर आहे. कार्यालयातले एक्स्चेंज सर्व्हर "मेल०१.कंपनी.लोकल" असं नाव सांगतात. दिसायला पूर्ण नाव, डीएनएसमध्ये कुठेच नाही. "रिजेक्ट_अननोन_हेलो_होस्टनेम" लावलंत की असे सगळे बाहेर. लावायचं ते एवढंच: हेलो सक्तीचा, नावाची घडण चुकीची असेल तर नकार, पूर्ण डोमेन नसेल तर नकार.

आणि हेलोमध्ये तुमचंच सर्व्हरचं नाव, तुमचंच डोमेन किंवा तुमचाच आयपी सांगणारा आला तर विचार न करता नकार. बाहेरच्या कोणत्याही प्रामाणिक सर्व्हरला तुमचं नाव सांगायचं कारण नसतं. हे "चेक_हेलो_अ‍ॅक्सेस"मध्ये हाताने लिहावं लागतं, पण तीन ओळींचं काम आहे.

या सगळ्यांच्या आधी "परमिट_मायनेटवर्क्स" आणि "परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड" (आपले पत्ते आणि लॉगिन केलेल्यांना मोकळीक) पाहिजेच. आउटलुक हेलोमध्ये नुसतं कॉम्प्युटरचं नाव सांगतं, ते पूर्ण डोमेन नसतं, आणि मग पहिला फोन तुमच्याच अकाउंट खात्यातून येतो.

प्रत्येक नियमापुढे आधी "वॉर्न_इफ_रिजेक्ट" लिहा आणि लॉगमध्ये "रिजेक्ट_वॉर्निंग" शोधत राहा. डेबियन १२ मध्ये आर-सिसलॉग मूळ बसवणीत येत नाही, त्यामुळे मेल.लॉग फाइल नसेल तर घाबरू नका, जर्नलमध्ये पाहा.

---

बुटीबोरी_पोस्टमास्टर

फायरवॉल तपासला, सोर्स-नॅट नाही, आयपी खरे दिसतात. अनबाउंड बसवलं, दोन्ही डिग बरोबर. पोस्टस्क्रीन सध्या इग्नोअरवर आहे आणि प्रीग्रीटच्या नोंदी भराभर येऊन राहिल्या आहेत, त्यातले बहुतेक आयपी झेनमध्येही आहेत.

दोन प्रश्न. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या आयपीला पीटीआरच नाही, त्याचं काय करू? आणि ग्रेलिस्टिंगवर कुणी बोललं नाही.

---

सीताबर्डी_एसएमटीपी

ग्रेलिस्टिंगवर माझं मत: सरसकट नको, संशयितांपुरतं ठेवा.

कल्पना २००३ ची आहे. आयपी, प्रेषक आणि प्राप्तकर्ता ही तिकडी पहिल्यांदा दिसली की ४५० द्यायचा. खरा सर्व्हर रांगेतून पुन्हा येतो, बॉट येत नाही. पोस्टग्रेमध्ये (पोस्टफिक्ससाठीचं ग्रेलिस्टिंग) डिफॉल्ट थांबा ३०० सेकंदांचा. पण "पुन्हा केव्हा यायचं" हे समोरच्याच्या हातात आहे, आपल्या नाही. पोस्टफिक्स साधारण ५ मिनिटांनी येतं आणि पुढे अंतर वाढवत नेतं. आरएफसी तर किमान ३० मिनिटांचं अंतर सुचवते. बँकेचा ओटीपी १० मिनिटांत मरतो. म्हणजे नियमाने वागणाऱ्या सर्व्हरचाच ओटीपी वाया.

दुसरी गोची मोठ्या मेल कंपन्यांची. त्यांची पुढची खेप दुसऱ्याच आयपीवरून येते, तिकडी नवी ठरते, पुन्हा ४५०. पोस्टग्रे यासाठी मूळ सेटिंगमध्ये २४ बिटांचा पट्टा धरतं, म्हणजे शेवटचा आकडा सोडून देतं, पण त्यांचे पट्टे त्याहून पसरलेले असतात.

तुमच्याकडे आर-स्पॅमडी आहेच, त्याचं ग्रेलिस्ट मॉड्यूल वापरा. रेडिस (नोंदी लक्षात ठेवणारा डेटाबेस) लागेल. डिफॉल्ट गुणांत ४ च्या वर ग्रेलिस्ट, ६ च्या वर स्पॅमचा हेडर, १५ च्या वर नकार. म्हणजे स्वच्छ मेल एक सेकंदही थांबत नाही, संशयितच थांबते. हे काम मजकूर आल्यावर होतं, त्यामुळे तिकडीसोबत मजकुराचा हॅशही (ठसा) लक्षात राहतो आणि तीच मेल दुसऱ्या आयपीवरून आली तरी ओळखली जाते. बँडविड्थ वाचत नाही हे खरं, पण साठ मेलबॉक्सना बँडविड्थ हा प्रश्नच नाही.

खरा फायदा वेगळाच आहे. आजचे बरेच बॉट पुन्हा प्रयत्न करतात. पण त्या पाच-दहा मिनिटांत तो आयपी किंवा मेलमधली लिंक एखाद्या काळ्या यादीत चढलेली असते, आणि दुसऱ्या खेपेला गुण १५ च्या पार जातात.

जाता जाता: दुसरा बॅकअप एमएक्स ठेवला असेल तर तो काढा. स्पॅमवाले मुद्दाम कमी प्राधान्याच्या एमएक्सवर जातात, कारण तिथे सहसा तपासणी ढिली असते, आणि तिथून तुमच्याकडे येणारी मेल तुमच्याच विश्वासू आयपीवरून येते. मे महिन्यात बुटीबोरीत दुपारभर लाइट गेली तरी पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत धरून ठेवतात.

---

डीएनएसवाली

३ आणि ४ राहिलेत, ते मी घेते.

पोर्ट २५ वर उलट कनेक्ट करून काहीच सिद्ध होत नाही. मेल पाठवणारं मशीन आणि घेणारं मशीन वेगळं असणं ही मोठ्या कंपन्यांत रोजची रीत आहे. पाठवणाऱ्या मशीनचं पोर्ट २५ बाहेरून बंद असणं ही तर चांगली सवय. एमएक्स रेकॉर्ड सांगतं की मेल *कुठे द्यायची*. ती कुठून येईल याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. उलट पोर्ट उघडं सापडलं तर? हॅक झालेल्या होस्टिंगवरही ते उघडंच असतं.

पत्ता खरा आहे का हे विचारणं, म्हणजे "रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_सेंडर", हे त्याहून वाईट. स्पॅममध्ये प्रेषकाचा पत्ता बहुधा दुसऱ्याचा चोरलेला असतो. तुम्ही प्रत्येक स्पॅममागे त्या बिचाऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन चौकशी करणार, आणि असे हजारो लोक करणार. अशा चौकशा करणाऱ्यांचे आयपी नोंदवणाऱ्या काळ्या याद्याही आहेत. आलेलं उत्तरही भरवशाचं नाही: काही डोमेन कोणत्याही पत्त्याला "आहे" म्हणतात, आणि समोर ग्रेलिस्टिंग असेल तर तो तुम्हाला ४५० देतो, तुम्ही त्याच्या मेलला ४५० देता. त्याऐवजी "रिजेक्ट_अननोन_सेंडर_डोमेन" लावा. डोमेनला ना एमएक्स ना ए रेकॉर्ड, म्हणजे उत्तर पाठवायला जागाच नाही, एवढंच ते बघतं. प्रेषक रिकामा असलेली मेल मात्र नाकारू नका. बाउन्स (मेल पोचली नाही अशी सूचना) तशीच येते.

तुमच्या यादीत एसपीएफ (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरवरून यावी याची नोंद) नाही म्हणून सांगते: एसपीएफ पास झाली म्हणजे मेल चांगली, असं नाही. स्पॅमवाला स्वतःचं डोमेन घेऊन त्याचं एसपीएफ अगदी नीट लिहितो. ती ओळख पटवते, चारित्र्य नाही. आणि फेल झाली म्हणजे मेल खोटी, असंही नाही. कुणी जुन्या कॉलेजच्या पत्त्यावरून इकडे फॉरवर्ड लावलेलं असेल तर मेल कॉलेजच्या सर्व्हरवरून येते आणि एसपीएफ मोडते. डीकेआयएम सही (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) मात्र फॉरवर्डमध्ये सहसा टिकते. म्हणून एकट्या एसपीएफवर नकार देऊ नका, डीएमएआरसीला (या दोन्ही तपासण्यांवरून काय करायचं याचं डोमेनने जाहीर केलेलं धोरण) ठरवू द्या: दोन्हींपैकी एक जरी पास झाली आणि "फ्रॉम"च्या डोमेनशी जुळली तरी पुरे. ज्या डोमेनने स्वतःच "रिजेक्ट" धोरण जाहीर केलंय, त्याचं ऐका.

तुमच्या स्वतःच्या डोमेनलाही तेच लावा. मालकाच्या पत्त्याने बाहेरून येणारी "तातडीने पेमेंट करा" मेल त्याने थांबते. त्याआधी स्कॅनर, ईआरपी, वेबसाइटचा फॉर्म, पगारपत्रकाची बाहेरची सेवा, या सगळ्यांचे सर्व्हर एसपीएफमध्ये आलेत का बघा. इन्क्लूड वाढवत नेलंत तर डीएनएस विचारण्यांची १० ची मर्यादा ओलांडते आणि एसपीएफ तपासणी कायमच्या त्रुटीत जाते. मालकाचं नुसतं नाव आणि पत्ता भलताच, हा प्रकार डीएमएआरसीने थांबत नाही. त्याला आर-स्पॅमडीत वेगळा नियम लागेल.

---

ऑरेंजसिटी_रूट

ट्रान्सपोर्टवाल्याचं: त्याला सूट द्या, पण आयपीने. प्रेषकाच्या डोमेनने कधीच नाही, ते कुणीही लिहू शकतं. सीआयडीआर फाइलीत (आयपींची यादी) त्याचा आयपी आणि पुढे "ओके", आणि ती फाइल "एसएमटीपीडी_क्लायंट_रिस्ट्रिक्शन्स"मध्ये रिव्हर्सच्या नियमाच्या वर. तिथल्या ओकेने फक्त तेवढी यादी संपते, पुढच्या तपासण्या चालूच राहतात. हेच "रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स"मध्ये लिहिलंत तर त्या यादीतल्या खालच्या सगळ्या तपासण्या त्याला माफ होतात. तो झेनमध्येही अडकत असेल तरच पोस्टस्क्रीनच्या अ‍ॅक्सेस फाइलीत वेगळं "परमिट" द्या.

त्याला हेही सांगा की पीटीआर डोमेन विकणाऱ्याकडे नसतं. आयपी ज्याचा, म्हणजे ज्याने लाइन दिली, त्याला लेखी कळवावं लागतं. हा निरोप पोचवला नाही तर तो महिनाभर डोमेनवाल्याशी भांडत बसेल.

---

बुटीबोरी_पोस्टमास्टर

सांगतो त्याला. एन्फोर्स करण्याआधी स्वतः चाचणी कशी घेऊ? ऑफिसातून टेलनेट केलं तर सगळं पास होऊन राहिलं.

---

पोर्ट_पंचवीस

ऑफिस मायनेटवर्क्समध्ये आहे, तिथून पासच होणार. घरच्या ब्रॉडबँडवरून बाहेर जाणारं पोर्ट २५ बऱ्याच ठिकाणी बंद असतं. एखादा भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) घ्या, पण पोर्ट २५ खुलं आहे का आधी विचारा.

तिथून नेटकॅटने कनेक्ट करा आणि स्वागताची वाट न बघता लगेच ईएचएलओ (हेलोचाच आजचा प्रकार) ढकला, मग १० सेकंद कनेक्शन उघडं ठेवा. एन्फोर्समध्ये आरसीपीटी (प्राप्तकर्ता सांगण्याच्या) टप्प्यावर "५५० ५.५.१ प्रोटोकॉल एरर" मिळालं पाहिजे. त्यानंतर स्वॅक्सने (चाचणी-मेल पाठवायचं साधन) नीट मेल पाठवा, ती पोचली पाहिजे आणि लॉगमध्ये "पास न्यू" दिसलं पाहिजे. लगेच दुसरी पाठवलीत तर "पास ओल्ड". क्रम उलटा करू नका. आधी नीट मेल पाठवली की तो आयपी दिवसभर पास धरला जातो, मग घाई करून पाहिली तरी काही होत नाही, आणि तुम्हाला वाटतं पोस्टस्क्रीन बंद आहे.

लॉग फिरवण्याची मुदतही वाढवा. आर-सिसलॉग वेगळं बसवलं तर डेबियनची मूळ फिरवणी चार आठवड्यांची आहे. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत.

शेवटी "एसएमटीपीडी_रिजेक्ट_फूटर" भरा. प्रत्येक नकाराच्या ओळीपुढे तो मजकूर जोडला जातो आणि पोस्टस्क्रीनही तोच वापरतं. साध्या इंग्रजी अक्षरांत, एका ओळीत, ऑफिसचा लँडलाइन नंबर आणि "हा संदेश वाचून दाखवा" एवढंच. बॉट काही फोन करत नाही, वाडीचा ट्रान्सपोर्टवाला करतो.